७०७५ ला टिग लावण्याआधी: जास्त ताकदीच्या ॲल्युमिनियमवर चार वेल्डिंग पद्धती वापरून पाहिल्या, त्याचा अनुभव

टिगचा, म्हणजे टंगस्टनच्या टोकावरच्या आर्कनं केलेल्या वेल्डचा, रन (जोडाची पट्टी) इतका देखणा आला होता की मिस्त्रीमामांनी हेल्मेट वर करून मला हाक मारली. "ताई, या बघायला." वेणीच्या पेडांसारख्या एकसारख्या लहरी, चंदेरी रंग, कडेला कुठं काळपट डाग नाही. जॉब होता ऑफ-रोड मोटरसायकलचा ट्रिपल क्लॅम्प, म्हणजे पुढचे दोन्ही फोर्क ज्यात बसतात तो तुकडा. धातू ७०७५-टी६ (७०७५ हा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा नंबर, टी६ म्हणजे भट्टीत ताकद वाढवलेला), एका कानाशी तडकलेला. शर्यतीत गाडी चालवणारा एक पोरगा शिरोलीहून तो घेऊन आला होता आणि रविवारच्या आत हवाय म्हणून तिथंच स्टुलावर बसून होता.

जॉब टेबलावर गार होत होता. दोनेक मिनिटांनी 'टिक्' असा आवाज आला, स्टीलच्या ताटलीवर नखानं टिचकी मारावी तेवढाच. "ताई, ऐकलासा का?" मामा म्हणाले. मी डीपी टेस्टचा (रंग मारून तडा शोधायच्या चाचणीचा) डबा काढला. लाल पेनिट्रंट फवारला, दहा मिनिटं थांबलो, पुसून घेतलं, वर पांढरा डेव्हलपर मारला. आधी काहीच दिसलं नाही. मग रनच्या अगदी कडेला एक गुलाबी ठिपका उमटला, तो हळूहळू लांबत गेला आणि केसाएवढी लाल रेघ झाली. "पोरा, हे गाडीला लावायचं न्हाई," मामांनी तिथंच सांगून टाकलं. पैसे घेतले नाहीत. पुढं तो क्लॅम्प आम्ही ७०७५ च्या ठोकळ्यातून व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) नवीन कापून दिला. वेल्डिंगच्या कितीतरी पट खर्च आला, पण दुसरा रस्ता नव्हता.

चूक माझी होती. पोरानं मिश्रधातूचा नंबर स्पष्ट सांगितला होता आणि तो ऐकूनही मी हो म्हटलं होतं. त्यानंतर मी ठरवलं की पुढची मशीन घ्यायच्या आधी हा विषय मुळापासून बघायचा. ६ मिमीच्या ६०६१-टी६ आणि ७०७५-टी६ प्लेटच्या सारख्या पट्ट्या कापल्या, चार पद्धतींनी जोडून घेतल्या, वाकवल्या, ओढून तोडल्या. इथं लिहितेय ते त्याबद्दल. मशीनच्या कंपन्यांची नावं देत नाही, कारण मला सांगायचंय ते पद्धतीबद्दल. त्या पद्धतीचं कुठलंही बरं मशीन हेच गुणदोष दाखवेल.

आमचं वर्कशॉप कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. वडिलांच्या काळात ऑइल इंजिनाचे भाग आणि बिडाच्या कास्टिंगचं मशीनिंग, आता निम्मं काम ॲल्युमिनियमचं. (आपल्याकडं बीड म्हटलं की ओतीव लोखंड, आणि वेल्डिंगच्या पुस्तकातलं बीड वेगळंच, म्हणून मी शॉपवरचा 'रन' हाच शब्द वापरतेय.) फौंड्रीच्या गावात वाढल्याचा एक फायदा झाला: ७०७५ का तडकतं हे समजायला मला फार वेळ लागला नाही. रस गोठताना कास्टिंग आकसतं आणि साचा त्याला मोकळं सोडत नाही, तेव्हा शेवटी गोठणाऱ्या जागी ते फाटतं. आपण त्याला हॉट टिअर म्हणतो. वेल्डमध्ये तेच होतं, फक्त साच्याच्या जागी भोवतीची घट्ट प्लेट असते. ६०६१ चा रस ६५२ अंशांना गोठायला लागतो आणि ५८२ ला पूर्ण घट्ट होतो, म्हणजे ७० अंशांचं अंतर. ७०७५ मात्र ६३५ ला सुरू होतं आणि ४७७ पर्यंत ओलं राहतं. दीडशेहून जास्त अंश. त्यातलं तांबं आणि जस्त दाण्यांच्या मधल्या पातळ थरात साठतं, तो थर सगळ्यात शेवटी गोठतो, आणि तोवर भोवतीचं सगळं आकसायला लागलेलं असतं. मामांचा हात कितीही चांगला असो, तो थर हातानं भरून निघत नाही. आणि समजा तडा नाहीच दिसला, तरी अशा जोडाला ताण आणि ओलावा मिळून पुढं कधीतरी चीर जायची भीती उरतेच.

त्यामुळे माझा पहिला शेरा पद्धतीवर नाही, नंबरावर आहे. गिऱ्हाईक नुसतं "हार्ड ॲल्युमिनियम आहे" म्हणालं तर काम सुरू करू नका. ७०७५ आणि २०२४ हे वितळवून जोडायचे धातू नव्हेत. ६०६१, ६०८२ चालतात. ७००५, ७०२० यांत तांबं जवळजवळ नसतं, त्यामुळे तेही चालतात, आणि त्यांची एक खुबी आहे: वेल्ड केल्यावर महिनाभर नुसते ठेवले तरी जोडाजवळची ताकद बरीचशी आपोआप परत येते. म्हणूनच सायकलच्या फ्रेमला ७००५ चाललं. २२१९ मध्ये सहा टक्क्यांच्या आसपास तांबं असूनही ते वेल्ड होतं, इस्रोच्या क्रायोजेनिक टाक्या त्याच्याच. 'तांबं म्हणजे वाईट' एवढं सोपं ते नाही.

आता टिग. आमचं मशीन ३१५ अँपिअरचं एसी-डीसी इन्व्हर्टर, चार वर्षं वापरात आहे. आजही एकच मशीन ठेवायचं म्हटलं तर मी हेच ठेवीन. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या अंगावरची ऑक्साइडची साय वितळायला दोन हजार अंशांच्या वर जावं लागतं. डीसीवर लावलं की आत रस, वर साय, आणि दोन्ही कडा शेजारी शेजारी असून एकमेकींत मिसळत नाहीत. एसीमध्ये अर्ध्या फेरीत टंगस्टन धन होतं आणि ती साय उडवतं, उरलेल्या अर्ध्या फेरीत उष्णता प्लेटमध्ये जाते. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर हे दोन्ही भाग सारखेच असायचे. इन्व्हर्टरवर बॅलन्सचं बटण असतं. आम्ही साय उडवायला तीस टक्क्यांच्या आसपास ठेवतो. जास्त दिलं तर टंगस्टनचं टोक फुगून गोळा होतं, कमी दिलं तर रसावर काळी मिरी टाकल्यासारखे कण तरंगतात. फ्रिक्वेन्सी शंभरच्या वर नेली की आर्क सुईसारखा टोकदार होतो आणि कोपऱ्यातला जॉब सोपा जातो. टंगस्टन निळ्या टोकाचं, दोन टक्के लँथनेटेड.

मशीनपेक्षा मोठा फरक पडला तो साफसफाईनं. यावर मी थोडी अडून लिहिणार आहे, कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त जॉब इथंच बिघडतात. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन जेवढा मावतो त्याच्या साधारण विसावा हिस्साच घट्ट झाल्यावर मावतो. बाकीचा बाहेर पडायला बघतो, वेळ मिळाला नाही तर आतच बुडबुडे होऊन बसतो. हायड्रोजन येतो तेलातून आणि ओलाव्यातून. कोल्हापूरच्या जुलैत सकाळी शटर उघडलं की प्लेटच्या पाठीवरून बोट फिरवलं तरी दमटपणा कळतो. गेल्या पावसाळ्यात एका जॉबचा रन कापून बघितला तर आत जाळीदार पावाचा तुकडा. तेव्हापासून फिलर रॉड (जोडात वितळवून भरायची सळई) बल्ब लावलेल्या कपाटात ठेवतो आणि प्लेट आदल्या संध्याकाळीच आत घेतो. आधी ॲसिटोननं पुसायचं, मग स्टेनलेसचा ब्रश, आणि तो ब्रश फक्त ॲल्युमिनियमचा. क्रम उलटा केला तर ब्रश तेल खरडून आत घुसवतो. ग्राइंडरची साधी चाकी वापरूच नका, तिचे कण मऊ धातूत रुतून बसतात. आणि ब्रेक क्लीनरचा स्प्रे वेल्डिंगच्या जागी आणायचाही नाही. क्लोरीनवाला असेल तर आर्कच्या उजेडात त्यातून फॉस्जीन तयार होतो, तो विषारी वायू आहे. हे प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगावं.

फिलरचं थोडक्यात. ६०६१ ला रॉडशिवाय नुसतं वितळवून जोडलं तर ते तडकतं, म्हणून रॉड पाहिजेच. ४०४३ नंबरचा रॉड छान वाहतो, तडे कमी देतो, पण ॲनोडाइझ केल्यावर राखाडी-काळा पडतो. ५३५६ ला रंग जुळतो आणि ताकद जास्त, पण सतत ६५ अंशांच्या वर राहणाऱ्या जागी तो नको. साखर कारखान्यातल्या गरम जागेचा जॉब आला की आम्ही म्हणूनच ४०४३ वर जातो.

आता टिगचा खरा दोष. ६०६१-टी६ ओढून तोडलं तर साधारण ३१० एमपीएला (मेगापास्कल, ताणाचं एकक) तुटतं. टिगनं जोडलेल्या पट्ट्या आम्ही टेस्टिंग लॅबमध्ये ओढल्या तेव्हा एकही रनवर तुटली नाही. सगळ्या रनपासून बोटभर लांब तुटल्या, आणि बेस मेटलच्या निम्म्याच्या थोड्या वर. पुस्तकातही वेल्ड केलेल्या ६०६१ ला १६५ एमपीएच धरायला सांगतात. टी६ म्हणजे भट्टीत बनवलेली ताकद. आर्कच्या उष्णतेनं शेजारचा पट्टा पुन्हा मऊ पडतो, आणि टिगमध्ये हात सावकाश चालतो त्यामुळे हा पट्टा रुंद होतो. प्रीहीट (आधीच तापवणं) जास्त केलं की आणखी रुंद. आम्ही १२० अंशांच्या वर जात नाही, टेंपरेचर स्टिक लावून बघतो. ज्यांना भट्टी जवळ आहे त्यांच्यासाठी एक काम: प्लेट टी६ घेण्याऐवजी टी४ (भट्टीतलं शेवटचं तापवणं न झालेली) घ्या, वेल्ड करा, मग १७५ अंशांना आठ तास ठेवा. टी६ वेल्ड करून सोडून देण्यापेक्षा हा जोड चांगला उतरतो. भट्टी नसेल तर जोडाची जागाच बदला. एका फौंड्रीसाठी ६०८२ ची उचलायची फ्रेम केली तेव्हा आम्ही रन मधोमध न घेता टोकाकडं नेला, जिथं वाकवणारा ताण कमी, आणि जोडाशी जाडी वाढवली. गिऱ्हाईकाला वजन थोडं वाढलं म्हणून पटेना, मी त्याला तुटलेली पट्टी दाखवली.

पल्स मिग (यात रॉडऐवजी वायर आपोआप पुढं येत वितळते) आम्ही पंधरा दिवस भाड्यानं आणून पाहिलं. मिगची पद्धत १९४८ च्या सुमाराला निघाली ती मुळात ॲल्युमिनियमसाठीच, हे फार जणांना ठाऊक नसतं. लांब सरळ रन असेल तर टिगच्या कितीतरी पट वेगानं उरकतो, आणि वेग जास्त म्हणून मऊ पट्टा थोडा अरुंद. पण आपल्याकडं लोखंडाच्या सवयीनं मशीन सेट करतात आणि मग वायर रोलरशी गुंडाळी होऊन बसते. ॲल्युमिनियमची वायर मऊ. यू-खाचेचे रोलर, टेफ्लॉनचा लायनर, आणि टॉर्च तीन मीटरच्या पुढची असेल तर पुश-पुलच (वायर मागून ढकलणारी आणि पुढून ओढणारी) घ्या. टॉर्च पुढं ढकलत न्यायची, ओढायची नाही, नाहीतर रन काजळतो. कच्चा भाग म्हणजे सुरुवातीचा इंच: प्लेट गार असते, वर रन दिसतो आणि खाली पकड नसते. आमची एक पट्टी बेंड टेस्टमध्ये बरोबर तिथंच उघडली. हॉट स्टार्ट (सुरुवातीला जास्त करंट) आणि शेवटी क्रेटर (रनच्या टोकाचा खड्डा) भरायची सोय नसलेलं मशीन ॲल्युमिनियमसाठी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ७०७५ वर मिगही टिगइतकंच निकामी. आर्गॉन मात्र जास्त पितं: सात घनमीटरचं सिलिंडर टिगला बारा लिटरच्या वेगानं दहाएक तास पुरतं, मिगला वीस लिटरनं सहा तासही नाही.

हातातला फायबर लेझर सध्या सगळीकडं खपवतायत. १.५ किलोवॅटच्या मशीनचा डेमो आम्ही बघितला. दोन मिमीच्या पत्र्यावर काम सुरेख, वाकडंतिकडं होणं जवळजवळ नाही. पण ६ मिमीला तो पुरेना, आणि ७०७५ वर रनमध्ये भोकंच भोकं. कारण सरळ आहे, जस्त ९०७ अंशांनाच उकळतं आणि लेझरच्या खड्ड्यात तापमान त्याच्या फार वर. डेमो देणाऱ्यानं साधा काळा चष्मा घालायला दिला, तेव्हा मी मशीन बंद करायला लावलं. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, ॲल्युमिनियमवरून परततो, आणि त्याच्या तरंगलांबीचाच चष्मा आणि बंदिस्त जागा लागते. आमच्या शेडमध्ये शेजारून माणसं ये-जा करतात. तूर्त नाही.

उरली फ्रिक्शन स्टर, शॉपवर एफएसडब्ल्यू. १९९१ मध्ये केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय संस्थेत ती निघाली, आणि रॉकेटच्या टाक्या, जपानी रेल्वेचे डबे यांत ती वापरात आहे. हिच्यात आर्क नाही, गॅस नाही, रॉड नाही. एच१३ स्टीलचं फिरतं टूल, खाली छोटी पिन, वर रुंद खांदा. पिन दोन प्लेटच्या सांध्यात घुसते, घर्षणानं धातू तापून कणकेसारखा मऊ होतो, आणि टूल त्याला ढवळत पुढं सरकतं. धातू वितळतच नाही. वितळला नाही म्हणजे तो ओला थर नाही, आणि थर नाही म्हणजे ते 'टिक्' नाही.

आम्ही पट्ट्या पुण्याकडच्या एका जॉबवर्कवाल्याकडं पाठवल्या. तिथं मी स्वतः जाऊन उभी राहिले. आधी वाटलं होतं मिलिंगसारखा आवाज आणि चिप्स उडतील. तसं काही नाही. खांदा प्लेटला टेकला की एक खोल घरघर, आणि मागं उमटत जाणारी अर्धचंद्रांची बारीक ओळ, जात्यातून पीठ पडताना कडेला साठतं तशी कडेला थोडी फ्लॅश (बाहेर सांडलेला धातू). मिनिटाला सहा-सात सेंटीमीटर, म्हणजे घाईच्या माणसाचं हे काम नव्हे. हात प्लेटजवळ नेता येतो, डोळ्यांवर काच लागत नाही, धूर नाही. शेवटी टूल वर उचललं की पिनच्या आकाराचं भोक राहतं. म्हणून प्लेटला पुढं एक जादा शेपूट ठेवायची आणि मग ती कापून टाकायची, हे ड्रॉइंग करतानाच ध्यानात घ्यावं लागतं.

पहिली खेप नापास झाली. वरून सुंदर दिसणारा जोड आम्ही आडवा कापला, घासून चकचकीत केला आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धरला. मधल्या गाभ्यात कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं उमटली, ती असावीतच, पण एका बाजूला खाली सुई जाईल एवढं बोगद्यासारखं भोक. प्लेटचा क्लॅम्प ढिला असावा किंवा वेग जास्त. दुसरीत ते भोक गेलं, तर रूट बेंडमध्ये (जोडाचा तळ बाहेरच्या बाजूला ठेवून वाकवायच्या चाचणीत) खालची कड उघडली: पिन प्लेटच्या तळापर्यंत पुरेशी पोचलीच नव्हती, दोन्ही कडा नुसत्या चिकटून बसल्या होत्या. हा दोष एक्स-रेलाही सहज सापडत नाही, वाकवल्यावरच कळतो. जॉबवर्कवाल्यानं दोन्ही वेळा वाद न घालता पिन बदलून परत करून दिलं, याचे गुण मी त्याला पूर्ण देते. एक गोष्ट मात्र खटकली: तुकडे कापून दाखवा असं मी म्हटलं नसतं तर दोन्ही खेपा पास म्हणून गाडीत भरल्या गेल्या असत्या.

तिसऱ्या खेपेच्या ७०७५ च्या पट्ट्या मामांनी स्वतः वाकवल्या. एकही उघडली नाही. ओढल्यावर बेस मेटलच्या पाऊण हिश्श्याच्या आसपास उतरल्या. म्हणजे मऊ पट्टा इथंही आहेच, फक्त कमी. जोडाच्या कडेचा भाग गंजाला हळवा राहतो, त्यामुळे उघड्यावरच्या जॉबला कोटिंग देतोच. मामा पट्टी उलटसुलट करून बघत राहिले आणि म्हणाले, "ह्येला हात लागत न्हाई आपला, पर जोड पक्का हाय."

कुणी उद्यमनगरातल्या जुन्या मिलिंग मशीनवर हे करायचा विचार करत असेल, तर प्रयोग म्हणून जमतं, पण टूल खाली टनाच्या हिशेबात दाबावं लागतं. तो भार आडव्या कापणीसाठी बनवलेल्या स्पिंडलच्या बेअरिंगवर येतो आणि ती लवकर जातात. खाली जाड स्टीलची बॅकिंग प्लेट आणि दोन्ही बाजूंनी दणकट क्लॅम्प लागतात. वाकडातिकडा जॉब, आतला कोपरा, दुरुस्ती, यातलं काही एफएसडब्ल्यूनं सहज होत नाही. त्या पोराचा क्लॅम्पही हिच्यानं जोडता आला नसता.

एवढं बघून मी पल्स मिगची ऑर्डर दिली, ६०६१ आणि ६०८२ च्या लांब कामासाठी. टिग जागेवरच आहे, मामांच्या हाताखाली. लेझर घेतला नाही. एफएसडब्ल्यूचे जॉब महिनाभर साठवून एकदम पाठवते. पुढच्या खेपेत ६ मिमीच्या २०२४ च्या पट्ट्या आहेत, आणि रूट बेंडसाठी चार तुकडे जास्तीचे कापून ठेवलेत.